रोजगार हमीने नक्षल हिंसाचार घटवला की वाढवला? उलटसुलट शोधनिबंध कसे वाचायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे: “मी अर्थशास्त्रात एम.ए. करते आहे. प्रबंधिकेचा विषय गरिबी आणि सशस्त्र संघर्ष. मनरेगामुळे नक्षल हिंसाचार वाढला असं एक पेपर सांगतो, घटला असं दुसरा. तिसरा म्हणतो, पावसाचा आणि हिंसेचा संबंधच तुटला. तिन्ही नावाजलेल्या जर्नलमधले. पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात ‘याबाबत मतभेद आहेत’ एवढं लिहिलं तर चालेल का?”

नाही चालणार. त्या वाक्यातून वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. मी हे पेपर बरीच वर्षं शिकवतो आहे आणि माझं मत स्पष्ट आहे: तुम्ही सांगितलेले तिन्ही पेपर एकाच वेळी बरोबर असू शकतात. एकाने योजना सुरू झाल्यानंतरचा लगेचचा काळ पाहिला, दुसऱ्याने पुढच्या काही वर्षांचा कल पाहिला, तिसऱ्याने पाऊस चुकल्यावर काय होतं ते पाहिलं. कोणी कोणावर हल्ला केला, कधी केला आणि तुलना कशाशी केली, हे प्रत्येक पेपरला विचारलं की बराचसा विरोध विरघळतो. जो उरतो तो खरा विरोध, आणि तुमचा आढावा त्यावर उभा राहायला हवा.

हे तिन्ही पेपर ज्या वादातून आले त्याची थोडी पार्श्वभूमी लागेल. पॉल कॉलियर आणि आंके हॉफलर यांनी १९६० ते १९९९ या काळातल्या यादवी युद्धांची देशवार आकडेवारी घेतली आणि २००४ मध्ये निष्कर्ष मांडला की बंड पेटतं ते अन्यायामुळे कमी आणि बंड परवडतं म्हणून जास्त. उत्पन्न कमी, तरुणांना काम नाही, निर्यातीसाठी कच्चा माल भरपूर, अशा ठिकाणी बंडखोर उभे करणं स्वस्त पडतं. त्याच्या एक वर्ष आधी जेम्स फिअरन आणि डेव्हिड लेटिन यांनी १९४५ ते १९९९ या काळातली १२७ युद्धं तपासली होती. दरडोई उत्पन्न १,००० डॉलरने कमी असेल तर यादवी सुरू होण्याची वार्षिक शक्यता सरासरी ४१ टक्क्यांनी जास्त, असं त्यांना दिसलं.

दोन्ही पेपरांत उत्पन्नाचा परिणाम सारखाच, पण अर्थ वेगळा. कॉलियर-हॉफलर म्हणतात, गरीब माणसाला बंडात जाताना गमावण्यासारखं थोडं असतं. अर्थशास्त्रात याला संधीखर्च म्हणतात. फिअरन-लेटिन म्हणतात, गरीब देशाचं सरकार दुबळं असतं. रस्ते नाहीत, पोलीस नाहीत, दुर्गम भागात शासन पोचलेलंच नाही, म्हणून बंड टिकतं. आकडा एक, स्पष्टीकरणं दोन, आणि त्या आकड्यात या दोहोंतून निवड करण्याची ताकद नाही. तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर ही गोष्ट लिहून ठेवा. मनरेगावरच्या पेपरांतही नेमकं हेच पुन्हा घडतं. मजुरी मिळाली म्हणून तरुण दलममध्ये, म्हणजे नक्षल्यांच्या सशस्त्र तुकडीत, गेला नाही, की सरकार पहिल्यांदा गावात दिसलं म्हणून गावाने त्याच्याशी बोलायला सुरुवात केली? हिंसाचाराच्या एकूण आकड्यावरून हे कळत नाही.

गरिबीमुळे संघर्ष होतो, तशी संघर्षामुळेही गरिबी येते. या अडचणीतून वाट काढायला २००४ मध्ये एडवर्ड मिगेल, शंकर सत्यनाथ आणि अर्नेस्ट सर्जेंटी यांनी पाऊस वापरला. आफ्रिकेतले ४१ देश, १९८१ ते १९९९. पाऊस कमी झाला की शेतीवर जगणाऱ्या देशाची वाढ घसरते, आणि पाऊस काही बंडखोर पाडत नाहीत. म्हणून पावसामुळे झालेली घसरण तेवढी वेगळी काढली तर तिचा संघर्षावरचा परिणाम शुद्ध मिळेल, ही कल्पना. उत्तर आलं की विकासदर ५ टक्केबिंदूंनी घसरला तर पुढच्या वर्षी संघर्षाची शक्यता १२ टक्केबिंदूंपेक्षा जास्त वाढते, म्हणजे मुळात जेवढी शक्यता होती तिच्या निम्म्याहून अधिक भर पडते. पेपर अतिशय गाजला आणि त्यानंतर पावसावरच्या पेपरांची रांग लागली.

त्या पेपरवरचे आक्षेप आढाव्यात सविस्तर यायला हवेत, कारण भारतावरचं बरंचसं संशोधन त्याच पायावर उभं आहे. पहिला आक्षेप अँतोनिओ चिकोने यांचा, २०११ मधला. मूळ पेपरात पावसाची पातळी न घेता मागच्या वर्षाच्या तुलनेतला बदल घेतला होता. गेल्या वर्षी अतिवृष्टी झाली आणि यंदा सरासरीइतका पाऊस पडला, तर बदल उणे येतो आणि गणितात ते वर्ष टंचाईचं दिसतं. मराठवाड्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, तो अशा वर्षाला दुष्काळ म्हणणार नाही. चिकोने यांनी पातळी वापरून पाहिली, तेव्हा मूळ निष्कर्षाला आधार मिळाला नाही.

दुसरा आक्षेप भारतातला आहे आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. हेदर सारसन्स यांनी २०१५ मध्ये धरणांच्या खालच्या बाजूचे सिंचित जिल्हे वेगळे काढले. तिथलं उत्पन्न पावसावर तितकं अवलंबून नाही. पाऊस फक्त उत्पन्नाच्या वाटेने दंगल घडवत असेल, तर या जिल्ह्यांत पावसाचा आणि हिंदू-मुस्लिम दंगलींचा संबंध क्षीण व्हायला हवा होता. तो झाला नाही. पाऊस आणखी कुठल्या तरी वाटेने हिंसेपर्यंत पोचतो आहे, असा याचा अर्थ.

गडचिरोली जवळून पाहिलेल्याला यातली एक वाट सहज सांगता येईल. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. नाले भरतात, जंगल दाट होतं, हालचाल मंदावते. याउलट माओवाद्यांची टीसीओसी म्हणून ओळखली जाणारी आक्रमक मोहीम उन्हाळ्यात, साधारण मार्च ते जूनमध्ये चालत असे, आणि तेंदूचा हंगामही त्याच दिवसांत येतो. तेंदूच्या फळीवरचा (पानं गोळा होतात त्या केंद्रावरचा) पैसा, कंत्राटदारांकडून होणारी वसुली आणि मोहीम, सगळं एका वेळी. इथे पाऊस खिशावर परिणाम करतोच, पण चालणाऱ्या पायांवरही करतो. वार्षिक आकडेवारी वापरणाऱ्या पेपरात हे सगळं एका आकड्यात मिसळून जातं. म्हणून पाऊस वापरणारा कुठलाही पेपर हातात आला की आधी पाहा: आकडे महिन्याचे आहेत की वर्षाचे, आणि उत्पन्नाखेरीजच्या वाटा बंद करण्यासाठी लेखकाने नेमकं काय केलं आहे.

आता मनरेगा. योजना तीन टप्प्यांत आली: फेब्रुवारी २००६ मध्ये २०० जिल्हे, एप्रिल २००७ मध्ये आणखी १३० आणि एप्रिल २००८ मध्ये उरलेले. गडचिरोली पहिल्या टप्प्यात होता. हे टप्पे म्हणजे संशोधकांच्या दृष्टीने तुलनेची संधी. काही जिल्ह्यांना आधी मिळालं, काहींना नंतर, मग फरक मोजा.

गौरव खन्ना आणि लॉरा झिमरमान यांनी जिल्ह्यांच्या मागासलेपणाच्या क्रमवारीचा आधार घेतला. ज्या क्रमांकावर टप्प्याची रेषा पडते तिच्या अगदी अलीकडचे आणि पलीकडचे जिल्हे सारखेच असणार, असं धरून त्यांनी तुलना केली. योजना आल्यावर लगेचच्या काळात हिंसाचार वाढलेला दिसला. पण वाढ कशात झाली? मुख्यतः पोलिसांनी सुरू केलेल्या कारवायांत. लेखकांचं स्पष्टीकरण असं की योजनेमुळे लोकांचा सरकारशी संबंध सुधारला, माहिती मिळू लागली, आणि पोलीस माओवाद्यांपर्यंत पोचू लागले. आढाव्यात ‘मनरेगाने हिंसाचार वाढवला’ असं एका ओळीत लिहिलंत तर वाचणारा समजेल की योजना फसली. लेखकांचा दावा जवळजवळ त्याच्या उलट आहे.

शेजारी फिलिपिन्सचा पेपर ठेवा. तिथे क्रॉस्ट, फेल्टर आणि जॉन्स्टन यांनी २०१४ मध्ये दाखवलं की गावविकासाच्या एका मोठ्या कार्यक्रमासाठी पात्र ठरलेल्या भागांत संघर्ष वाढला. पण तिथलं त्यांचं स्पष्टीकरण वेगळं आहे: कार्यक्रम यशस्वी झाला तर आपला आधार जाईल, या भीतीने बंडखोरांनीच तो हाणून पाडण्याचा प्रयत्न केला. दोन्हीकडे उत्तर ‘वाढला’, पण एकीकडे पोलीस पुढे सरकले आणि दुसरीकडे बंडखोरांनी हल्ले केले. धोरण आखणाऱ्याला या दोन्हींवरून वेगवेगळे धडे घ्यावे लागतील. पेपर ‘वाढला’ आणि ‘घटला’ अशा दोन ढिगांत टाकून मोजण्याची पद्धत मला म्हणूनच घातक वाटते.

आदित्य दासगुप्ता, किशोर गावंडे आणि देवेश कपूर यांच्या २०१७ च्या पेपरात योजनेनंतर हिंसाचार बराच घटलेला दिसतो, पण जिथे राज्याच्या यंत्रणेत योजना राबवण्याची कुवत होती तिथे प्रामुख्याने. या पेपरची जमेची बाजू म्हणजे आकडेवारीसाठी त्यांनी स्थानिक भाषांतली वर्तमानपत्रं धुंडाळली. दिल्लीत किंवा इंग्रजीत न पोचणाऱ्या घटना त्यामुळे सापडतात. कुवतीचा मुद्दाही मोलाचा आहे. आंध्रातली मनरेगा सामाजिक अंकेक्षणासाठी, म्हणजे गावकऱ्यांसमोर होणाऱ्या हिशेबतपासणीसाठी, ओळखली गेली. तिथला कायदा आणि इतर काही राज्यांतला कायदा कागदावर एकच होता, मस्टरवर, म्हणजे कामाच्या हजेरीपटावर, नव्हता.

पण इथेच मला या पेपरबद्दल सर्वात मोठी शंका आहे. आंध्रात ग्रेहाउंड्स हे खास पोलीस दल १९८९ पासून होतं. ऑक्टोबर २००४ मधली सरकारशी बोलणी फिसकटल्यावर तिथे कारवाई तीव्र झाली. योजना चांगली राबवणारं राज्य आणि माओवाद्यांविरुद्ध सक्षम पोलीस दल असलेलं राज्य एकच असेल, तर श्रेय कोणाला द्यायचं? उलट छत्तीसगडमध्ये जून २००५ मध्ये सलवा जुडूम, ही माओवाद्यांविरुद्धची सरकारच्या पाठिंब्याची मोहीम, सुरू झाली आणि दक्षिण बस्तर पेटलं. त्यानंतर आठ महिन्यांत मनरेगाचा पहिला टप्पा आला. ही दोन टोकं गणितात एकत्र आली की ‘प्रशासकीय कुवत’ या शब्दात पोलिसी कुवतही गुपचूप शिरते. लेखकांनी हे वेगळं करायचा प्रयत्न कितपत केला आहे, ते तक्ते उघडून स्वतः तपासा.

फेत्झर यांचा पेपर २०२० चा. थीमो फेत्झर विचारतात की पाऊस चुकल्यावर आधी जे होत होतं ते योजनेनंतरही होतं का. आधी मान्सून कमजोर गेला की पुढे संघर्ष वाढत असे. योजनेनंतर तो धागा तुटला, कारण शेतातलं काम बुडालं तरी शंभर दिवसांच्या कामाची हमी होती. इथे योजना विम्यासारखी काम करते. तिचा गुण सुकाळात दिसणारच नाही, तो दुष्काळातच दिसेल. खन्ना-झिमरमान यांच्या पेपरशी याचा झगडा कुठे आहे? कुठेच नाही. सुरुवातीला पोलीस कारवाया वाढणं आणि पुढे दुष्काळी वर्षांत बंडाला माणसं कमी मिळणं, दोन्ही एकाच जिल्ह्यात घडू शकतं.

तुमच्या यादीत नसलेला एक पेपर जरूर जोडा: ऑलिव्हर वँडेन आयन्डे, २०१८. पाऊस कमी झाल्यावर माओवाद्यांचे सामान्य नागरिकांवरचे हल्ले वाढतात, असं त्यांना आढळलं. सुरक्षा दलांवरचे हल्ले मात्र फक्त खनिज असलेल्या भागांत वाढतात. त्यांची मांडणी अशी: दुष्काळात लोक हलाखीत असतात, पोलिसांना माहिती देणारा माणूस थोड्या पैशात मिळतो, म्हणून माओवादी खबरी असल्याच्या संशयावरून गावकऱ्यांना मारतात. जिथे खाणींमुळे संघटनेकडे शेतमजुरीशी संबंध नसलेला पैसा येतो, तिथेच तिला दलांशी लढणं परवडतं. ‘पोलिसांचा खबऱ्या’ म्हणून माणूस मारल्याच्या बातम्या गडचिरोलीने किती वर्षं वाचल्या आहेत. त्या बातम्यांमागे अर्थशास्त्राचा एक धागा असू शकतो हे या पेपरने दाखवलं, म्हणून मला तो या विषयावरचा सर्वात विचारपूर्वक लिहिलेला पेपर वाटतो.

कोलंबियावरचं काम याच सुराचं आहे. दुबे आणि वर्गास यांनी २०१३ मध्ये दाखवलं की कॉफीचा भाव कोसळला तेव्हा कॉफीच्या भागांत हिंसा वाढली, कारण मजुरी घसरली. तेलाचा भाव चढला तेव्हा तेलाच्या भागांत वाढली, कारण लुटण्यासारखं जास्त झालं. पुढे ब्लेअर, क्रिस्टेनसेन आणि रडकिन यांनी अशा ४६ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं. सगळे एकत्र केले तर भावबदलाचा संघर्षावर सरासरी परिणाम शून्याजवळ येतो. शेतमाल आणि तेल वेगळे काढले की दोन विरुद्ध दिशा दिसतात. फक्त सरासरी वाचणारा म्हणेल की भावांचा काही संबंध नाही, आणि तो पूर्ण चुकेल.

मनरेगाच्या पेपरांकडे परत येऊन तीन-चार गोष्टी पारखून घ्या. जिल्हे कसे निवडले? नक्षलग्रस्त म्हणून सरकारी यादीत असलेले जिल्हे मागासलेपणाचा क्रमांक न पाहता पहिल्याच टप्प्यात घेतले गेले होते. म्हणजे हिंसाचार हाच निवडीचा एक निकष होता. हिंसा टिपेला असताना निवडलेला जिल्हा पुढे थोडा शांत होण्याची शक्यता योजना नसतानाही असते. त्या जिल्ह्यांचं काय केलं हे पेपरात शोधा.

मोजलं काय, घटना की मृत्यू? गृह मंत्रालयाच्या आकड्यांनुसार २०१० मध्ये नागरिक आणि सुरक्षा दलं मिळून १,००५ जण मारले गेले. त्यातले ७६ जवान ६ एप्रिलला एका ठिकाणी, छत्तीसगडमधल्या ताडमेटलाजवळ, गेले. मृत्यू मोजणाऱ्या गणितात असा एक दिवस एका जिल्ह्याचा सगळा निकाल फिरवू शकतो. आणखी एक पाहा: देशपातळीवर हिंसा टिपेला पोचली ती योजनेच्या पहिल्या टप्प्यानंतर चार वर्षांनी. अभ्यासाचा काळ २००८ ला संपतो की २०१४ ला, यावर उत्तर बदलू शकतं.

आणि नोंद कोणी केली? बहुतेक पेपर बातम्यांवरून तयार केलेल्या यादीवर चालतात. पूर्वी जिथे कोणी जात नव्हतं तिथे योजनेबरोबर ग्रामरोजगार सेवक, अभियंता, पाहणी करणारे जाऊ लागले तर घटना न वाढताही नोंदी वाढतात. ही शंका मी प्रत्येक अशा पेपरच्या परीक्षणात विचारतो, कारण समाधानकारक उत्तर क्वचितच मिळतं.

महाराष्ट्रासाठी एक मुद्दा मला कोणत्याही सारांशात पुरेशा ठळकपणे दिसलेला नाही, तो तुम्ही मांडू शकता. आपल्याकडे रोजगार हमी १९७२ च्या दुष्काळापासून आहे, कायदा १९७७ चा. म्हणजे २००६ मध्ये छत्तीसगडमधल्या दंतेवाड्याला जे नवं होतं ते गडचिरोलीला कायद्याने नवं नव्हतं. एटापल्ली-भामरागडच्या गावांत त्या हमीचं काम प्रत्यक्ष किती निघत होतं हा वेगळा प्रश्न आहे, आणि तोच विचारायला हवा. गणितातला ‘योजना आली’ हा चल (नसेल तर शून्य, असेल तर एक) दोन्ही जिल्ह्यांना सारखाच एक देतो. प्रत्यक्ष निघालेले मनुष्यदिवस आणि वेळेवर मिळालेली मजुरी पाहिली तर चित्र वेगळं असेल.

या साहित्यातली मोठी उणीवही आढाव्यात लिहा. कॉलियर-हॉफलर यांना उत्पन्नातल्या विषमतेचा परिणाम सापडला नाही, यावरून अन्यायाचा मुद्दा बाद झाला असं बरेच दिवस मानलं गेलं. त्यांनी मोजली होती ती व्यक्ती-व्यक्तींमधली विषमता. लार्स-एरिक सेडरमान आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये समूहा-समूहांमधली विषमता मोजली, तेव्हा परिणाम दिसला. गडचिरोलीत प्रश्न वनखात्याशी असलेल्या संबंधाचा आहे, जंगलावरच्या हक्काचा आहे. जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढे ग्रामसभेने बांबू स्वतः विकला. हा बदल तिथल्या माणसासाठी शंभर दिवसांच्या मजुरीइतकाच मोठा असू शकतो, पण मनरेगाच्या रिग्रेशनमध्ये, म्हणजे परिणाम मोजणाऱ्या सांख्यिकी गणितात, त्याला जागा नाही. जे मोजलं गेलं नाही ते नव्हतंच, असं धरून चालणारा आढावा मी तरी मंजूर करणार नाही.

लिहिताना प्रत्येक पेपरवर एक परिच्छेद असा क्रम लावू नका. परिच्छेद प्रश्नांवर बांधा: योजनेनंतर लगेच पोलीस कारवायांचं काय झालं, नागरिकांवरच्या हल्ल्यांचं काय झालं, दुष्काळी वर्षांत काय झालं, कुवत असलेल्या आणि नसलेल्या राज्यांत फरक किती. प्रत्येक प्रश्नाखाली ज्या पेपरने तो खरोखर मोजला आहे तोच घ्या. लेखकाने मोजून दाखवलेलं आणि अंदाजाने सांगितलेलं, दोन्हींसाठी वेगळी क्रियापदं वापरा. खन्ना-झिमरमान यांच्या बाबतीत पोलीस कारवाया वाढल्या हे ‘आढळलं’. लोकांनी माहिती दिली म्हणून वाढल्या हा ‘त्यांचा तर्क आहे’, आकडे त्याच्याशी जुळतात एवढंच.

तुमच्या जागी मी असतो तर शेवटचं प्रकरण गडचिरोलीवर ठेवलं असतं आणि आकडे जिल्ह्याचे न घेता तालुक्याचे, वर्षाचे न घेता महिन्याचे घेतले असते. देसाईगंज आणि भामरागड एकाच जिल्ह्यात आहेत, पण हिंसाचाराच्या दृष्टीने एका सरासरीत बसणारे नाहीत. मराठी दैनिकांच्या जुन्या फायलींतून प्रत्येक घटनेपुढे सुरुवात कोणी केली हा रकाना भरा, आणि शेजारी त्या तालुक्यात त्या महिन्यात निघालेले मनुष्यदिवस लिहा. घटना थोड्या असतील, रिग्रेशनचा निकाल कदाचित ठाम येणार नाही. तरी ही यादी तयार झाली की ती मला पाठवा, मी वाचेन.